दाराकडं तोंड केलेली खुर्ची

आमच्या कचेरीत भूपालअण्णा चौगुल्यांची खुर्ची कधी भिंतीकडं तोंड करून असायची, कधी दाराकडं. नव्या माणसाला वाटायचं, उजेडाचं काहीतरी असेल, नाहीतर पाठदुखीचं. तसं काही नव्हतं. कचेरीतून गेलेल्या एखाद्या इंग्रजी पत्राच्या शेवटी 'लुक फॉरवर्ड टू' असं लिहिलेलं असलं की खुर्ची दाराकडं. नसलं की भिंतीकडं. आणि एकदा दाराकडं फिरली की त्या पत्राचं उत्तर येईपर्यंत हलायची नाही. पत्र विलायतेला गेलेलं असलं तर दोन-दोन महिने अण्णा वारा, धूळ आणि पावसाची झड तोंडावर घेत बसायचे. कागद उडायचे, दौत कलंडायची, अण्णा शिंकायचे.

"अण्णा, दार तरी लोटू काय?" मी एकदा विचारलं.

"दार लोटून वाट बघतेत व्हय, तम्मा?"

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. अण्णा शिरोळकडचे, घरची भाषा निम्मी कानडी, म्हणून कचेरीतला प्रत्येक माणूस त्यांचा तम्मा. मोठ्या साहेबांनाही ते एकदा चुकून तम्मा म्हणाले होते. साहेब तेव्हा नेमके शिंकत होते म्हणून निभावलं.

कुठली कचेरी ते विचारू नका. तिथल्या लोकांचे नातू अजून कोल्हापुरात हिंडतात, आणि कोल्हापूरचा नातू आज्जाच्या वतीनं भांडायला एका पायावर तयार असतो. दरबारची होती आणि पाण्याची इंजिनं मागवायची, दुरुस्त करायची, एवढं पुरे. महाराजांचं राज्य होतं. बोर्डिंगं निघाली होती, आणि ज्यांच्या घरात सात पिढ्या कुणी टाक धरला नव्हता त्यांची पोरं कचेऱ्यांतून इंग्रजी लिहायला लागली होती. अण्णा त्या पहिल्या पोरांपैकी. उसाच्या फडातनं उठून बोर्डिंगात आले आणि तिथून थेट इंग्रजी पत्रव्यवहाराच्या टेबलावर. डोक्याला पांढरा रुमाल, अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, पायांत करकरणाऱ्या वहाणा. त्या वहाणा जिन्यात वाजल्या की आम्ही कारकून मंडळी चुना-तंबाखू लपवायचो.

आता ते 'लुक फॉरवर्ड टू' म्हणजे काय, ते सांगतो. सरळ मराठीत 'वाट बघतो', पण तोंड वाकडं करून नव्हे, हौसेनं. विलायती लोक पत्राच्या शेवटी ते सर्रास लिहितात, आपण 'कळावे, लोभ असावा' लिहितो तसं. लोभ असो वा नसो. पण हे अण्णांना कोण सांगणार? बोर्डिंगातल्या मास्तरनं पहिल्या दिवशी सांगितलं होतं, जे खरं आहे तेवढंच लिहावं. पोरगं शेतकऱ्याचं, त्यानं ते गाठीला बांधलं. साहेब लिहितोय की मी वाट बघतो, म्हणजे साहेब बघतच असणार. आणि आपण लिहिलं, तर आपल्यालाही बघावी लागणार.

त्या 'टू'च्या पुढं 'हिअर' लिहायचं का 'हिअरिंग', यावर आमच्या गणपतरावांनी एकदा वाद काढला. गणपतराव म्हणजे पलीकडच्या टेबलावरचे कारकून, कामात मंद आणि वादात तरबेज. अण्णा म्हणाले, "'हिअरिंग' लिवायचं. पन ते कुणीबी पुस्तकात बघून लिवंल. बघतोयस काय वाट, ते पुस्तकात न्हाय. ते मला बघाय लागतं."

आणि बघायचे की! आमच्या कचेरीला खोगिरं आणि चामड्याचे पट्टे पुरवणारा इमामभाई एकदा मुंबईच्या व्यापाऱ्याला इंग्रजी पत्र लिहून घ्यायला आला. अण्णांनी पत्र लिहिलं, आणि शेवटच्या ओळीपाशी टाक थांबवला.

"इमामभाई, उत्तराची वाट बघशील?"

"बघतो की."

"कुठं बसून?"

"दुकानात. अजून कुठं?"

"दुकानातनं टपालवाला दिसतो?"

"आता मान काढली तर दिसतो की."

"मान काढशील काय?"

"अण्णा," इमामभाई म्हणाला, "पत्र लिवताय का माझी जबानी घेताय?"

अण्णांनी ओळ लिहिली. पण समाधान झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी टपालाच्या वेळेला ते छत्री घेऊन बाहेर पडले आणि इमामभाईच्या दुकानावरून जाऊन आले. इमामभाई खोगिरावर डोकं टेकून घोरत होता. अण्णा परत आले, पत्र अजून टपालात पडायचं होतं ते कचेरीच्या पेटीतून काढलं आणि ती ओळ लाल शाईनं खोडली. अख्खं पत्र मला पुन्हा लिहून काढावं लागलं.

हे झालं आपल्याकडून जाणाऱ्या पत्रांचं. बाहेरून येणाऱ्या पत्रात ते वाक्य निघालं की याहून कहर. "अय्यो, मानूस वाट बघतोय तिकडं!" असं ओरडून अण्णा उठायचे आणि उत्तराचा मसुदा घेऊन साहेबांच्या खोलीत घुसायचे. एकदा साहेब डब्यातली भाकरी मोडत होते. अण्णा समोर उभे.

"चौगुले, जेवू तरी द्या. तो साहेब काय गॅलरीत उभा राहिलेला नाही."

"कशावरनं?" अण्णांनी विचारलं.

साहेबांकडं पुरावा नव्हता. त्यांनी डाव्या हातानं सही केली. ती सही पुढं तीन वर्षं, खरी का खोटी म्हणून निरनिराळ्या फायलींतून फिरत होती.

या सगळ्या वाट बघणाऱ्यांत अण्णांचा जीव की प्राण म्हणजे हॉल्डन साहेब. विलायतेच्या ज्या कंपनीकडून आम्ही इंजिनं घ्यायचो, तिचा हा मॅनेजर. त्याच्या प्रत्येक पत्राच्या तळाशी ते वाक्य असायचंच. अण्णांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांच्या बोलण्यात तो असा यायचा, जसा काही पंचगंगेच्या पलीकडं राहतो. "आज टपाल चुकलं. हॉल्डन बसला असंल बिचारा." सरकारी पत्रात नट-बोल्टांच्या खाली ते हळूच एक ओळ घालायचे, यंदा पाऊस बरा आहे, नदीला पाणी उतरलं. दरबारच्या शिक्क्यानिशी ते पावसाचं वर्तमान विलायतेला जायचं.

गणपतरावांना हे सहन होईना. त्यांनी एक दिवस हॉल्डनची पाच पत्रं एकावर एक ठेवून उजेडात धरली. पाचही पत्रांत ते वाक्य एकाच जागी, एकाच अक्षरात. "अण्णा, हे बघा. हातानं लिवल्यालं न्हाय हे. छापल्यालं हाय! कोऱ्या कागदावर आदीच छापून ठेवत्यात."

आम्हाला वाटलं, गडी आता खचणार. अण्णांनी पाचही कागद निरखून पाहिले, वाक्यावरून बोट फिरवलं आणि डोळे मोठे करून म्हणाले, "छापून घेतलंय? म्हंजे बघ, केवढी वाट बघत असंल!"

गणपतरावांनी पाचही पत्रं परत फायलीत लावली.

आता माझं रडगाणं ऐका. मी शाहूवाडीकडचा, भाताच्या वावरातला. कचेरीत उमेदवार कारकून म्हणून लागलो होतो. गारगोटीला एक सोयरीक जमत आली होती. मुलगी मला पसंत, मी मुलीला पसंत, आणि तिच्या वडिलांना मी सोडून सगळं पसंत. ते म्हणाले, "पावणं, नोकरी कायम हाय काय?"

"अजून उमेदवारी हाय."

"मग पोरगीबी उमेदवारीतच धरा."

कायम व्हायला एकच गोष्ट हवी होती. माणसाला एक इंग्रजी पत्र आपलं आपण, शेवटपर्यंत लिहिता येतं, असा अण्णांचा शेरा. मी पहिला मसुदा केला. इंजिनाचा पट्टा मागवायचा होता. शेवटी ठसठशीत 'लुक फॉरवर्ड टू' लिहून दिलं. अण्णांनी विचारलं, "पट्टा कुठल्या इंजिनाचा?"

"ठाऊक न्हाय."

"बघितलंयस ते इंजिन?"

"न्हाय."

"मग तू कशाची वाट बघनार, दगडाची?" आणि लाल रेघ.

दुसऱ्या मसुद्यात मी शहाणपणा केला, ते वाक्यच गाळलं. अण्णा म्हणाले, "वाट न बघनाऱ्याला उत्तर कोन देतंय?" पुन्हा लाल रेघ. तिसरा, चौथा, पाचवा, सहावा. लिहिलं तरी खोटं, न लिहिलं तरी उद्धट. गारगोटीहून निरोप आला, की दिवाळीपर्यंत थांबतो, मग निपाणीचं स्थळ आहे. माझं डोकं फिरलं. अण्णांच्या त्या वाक्यापायी माझा संसार उभा राहायच्या आधीच मोडणार होता, आणि हा मनुष्य दाराकडं तोंड करून शिंकत बसला होता.

गणपतराव म्हणाले, "जिरवू या की त्यांची." कल्पना त्यांची, अक्षर माझं. हॉल्डन साहेब मुंबईस आला आहे, रविवारी सकाळच्या मिरजेच्या गाडीनं कोल्हापुरास येतो आहे, इंजिनं बघायची आहेत, असं पत्र मी तिरकं अक्षर काढून लिहिलं. आणि शेवटी काय लिहिलं असेल? 'रविवारी स्टेशनावर तुम्हाला भेटायची मी मोठ्या हौसेनं वाट बघतो आहे.' इंग्रजीत. 'लुक फॉरवर्ड टू' सकट. गणपतरावांनी ते मुंबईहून आलेल्या टपालात सारून दिलं.

अण्णांनी पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. ओरडले नाहीत, कुणाला दाखवलं नाही. फक्त त्या दिवशी त्यांनी चहा दोनदा मागवला.

रविवारी मी दिवस उगवायच्या सुमारास स्टेशनावर हजर. गणपतराव येणार होते, पण ते अंथरुणात. गंमत एकट्यालाच बघायची होती. लपायला जागा मिळाली ती मिरचीच्या पोत्यांच्या थप्पीआड. ज्यांनी संकेश्वरी मिरचीच्या पोत्याला नाक लावून शिंक दाबली आहे, त्यांना बाकीचं सांगायला नको. अण्णा वेळेचे इतके पक्के, की त्यांच्यावर घड्याळ लावावं. आणि नेमके आज पत्ता नाही! साडेसहा झाले. पावणेसात झाले. मी मान काढून रस्त्याकडं बघतोय, पुन्हा आत घेतोय. येतायत का नाही? पत्र ओळखलं की काय? टांगा वाजला की मी टाचा उंचावतोय. लग्नाच्या बोलणीला बसलो होतो तेव्हा मी इतका कासावीस झालो नव्हतो.

अखेर आले. परीटघडीचा कोट, नवा रुमाल, एका हातात हार आणि दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेला गूळ. विलायतच्या मॅनेजरला शिरोळचा गूळ! मी तोंडात रुमाल कोंबला.

गाडी आली. माणसं उतरली, बोचकी उतरली, एक बकरी उतरली. साहेब उतरला नाही. अण्णा हार धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. मग बाकावर बसले. मला वाटलं, आता उठतील. छे! बसूनच राहिले, दुसऱ्या गाडीपर्यंत. त्यांच्यासमोरून गेल्याशिवाय मला बाहेर पडता येईना, म्हणून मीही बसलो. पाय मुंग्यांनी भरले, डोळ्यांतून मिरचीचं पाणी, पोटात काल रात्रीपासून अन्न नाही. हसू केव्हाच संपलं होतं.

दुसरी गाडीही रिकामी गेली. अण्णा उठले. हार मारुतीच्या फोटोला घालायला हमालाला देऊन टाकला आणि वहाणा करकरत निघून गेले. गुळाचं फडकं बाकावरच राहिलं. विसरभोळं म्हातारं, असं म्हणत मी ते उघडलं. गुळाबरोबर शेंगादाणे होते, दोन दशम्या होत्या. मी तिथंच उभ्यानं सगळं खाल्लं. लाज नावाची चीज तेव्हा माझ्यापाशी नव्हती.

सोमवारी कचेरीत गेलो आणि दारातच थांबलो. अण्णांची खुर्ची भिंतीकडं नव्हती. दाराकडंही नव्हती. ती माझ्या टेबलाकडं तोंड करून ठेवलेली होती.

अण्णा कागद वाचत होते, टाक बुडवत होते, मध्येच मान वर करून माझ्याकडं बघत होते. रागानं नाही. टपालवाला येतोय का, असं बघावं, तसं. मंगळवारीही तेच, बुधवारीही तेच. गणपतराव म्हणाले, "त्यांना काय कळलंया? पुरावा काय?" आणि त्याच दुपारी पोटदुखीची रजा टाकून घरी गेले. मला रजा नव्हती. माझी नोकरी, माझं गारगोटी, सगळं त्या खुर्चीच्या समोर. सांगितलं तर कायमचा घरी, नाही सांगितलं तर ही नजर. आठ दिवस मी धड जेवलो नाही. आणि खरं सांगू, नोकरीची भीती निम्मीच होती. राहून राहून ते हार घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलेले अण्णा डोळ्यांपुढं यायचे.

नवव्या दिवशी टेबलापाशी गेलो. "अण्णा, ते पत्र मी लिहिलतं."

"कुठलं?"

"हॉल्डन साहेबाचं."

अण्णांनी टाक खाली ठेवला. "एवढं सांगायला नऊ दिवस लागले व्हय, तम्मा? मान आखडली की माझी वाट बघून." त्यांनी कोटाच्या आतून पत्र काढलं. "सहा मसुदे तपासलेत तुझे. अक्षर तिरकं केलंस, पन ती 'एफ'ची शेपटी कुठं लपवनार?"

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासनं..."

"पाकीट फोडलं तवाच."

"मग गेलात कशाला स्टेशनावर?" मी जवळजवळ ओरडलोच. "हार काय, गूळ काय!"

"शेवटची ओळ वाच."

मी वाचली.

"खोटं हाय काय त्यात?" अण्णा म्हणाले. "साहेब खोटा, मुंबई खोटी, गाडी खोटी. पन ती ओळ? झुंजूमुंजू व्हायला येऊन मिरचीच्या पोत्याआड बसलातास. मी टांग्याच्या अड्ड्यावर उभा राहून बघत हुतो की. घडीघडीला मान बाहेर काढत हुतास. आन्ना आलं न्हाईत, आन्ना का आलं न्हाईत, जीव नुसता वर-खाली चाललाता तुझा. तुझ्या वैनीला जाऊन चौदा वर्सं झाली. मूलबाळ न्हाय. कचेरीतनं मी घरी गेलो काय, न गेलो काय, उंबऱ्यात येऊन बघनारं कोन न्हाय. त्या रवारी बघितलं, एक मानूस माझ्यासाठनं रस्त्याकडं डोळं लावून बसलाय. लई बरं वाटलं, तम्मा. म्हनून मुद्दाम उशीर केला. म्हटलं, बघू दे अजून जरा."

मी खाली बघत होतो. टेबलावरचं लाकूड मला फार नीट दिसत होतं आणि मग दिसेनासं झालं.

"आणि गूळ?"

"दुसरी गाडी बी बघावीशी वाटली मला. मग तू उपाशी मरशील की."

त्यांनी दौत ओढली, लाल शाईत टाक बुडवला. मला वाटलं, आता सातवी रेघ. पण त्यांनी त्या ओळीखाली एकच शब्द लिहिला, 'बरोबर', आणि सही केली. मग कोरा कागद घेऊन साहेबांच्या नावे मराठीत शेरा लिहिला: 'सदर उमेदवारास इंग्रजी पत्राचा शेवट नीट करता येतो. कायम करण्यास हरकत नाही.'

साहेबांनी तो शेरा वाचून विचारलं, "शेवट येतो, मग सुरुवात कोण करणार?" पण सही केली, आणि या वेळी उजव्या हातानं. दिवाळीच्या आधी गारगोटीला निरोप गेला.

मी शेरा घेऊन निघालो तेव्हा अण्णांनी हाक मारली. "येत्या रवारी काय करतोस?"

"काही न्हाय."

"मग ये की जेवायला. अकराच्या सुमारास."

मी रविवारी दहालाच निघालो. अण्णांच्या बोळाच्या तोंडाशी आलो आणि थांबलो. त्यांच्या घरात खुर्ची नव्हती, हे मला ठाऊक होतं. शेजारच्या वकिलाकडून मागून आणली असावी. ती सोप्यात मांडलेली होती, रस्त्याकडं तोंड करून, आणि तीत नवा रुमाल बांधून अण्णा बसले होते. एका हातानं डोळ्यांवर ऊन अडवून बघत होते.

मी बोळातनं पळत सुटलो.